दात येताना अंग कोमट लागते तेव्हा…

मूल रांगू लागले, हाती येईल ती वस्तू तोंडात घालू लागले, हनुवटीवरून लाळ गळू लागली आणि त्यातच एखाद्या संध्याकाळी अंगाला हात लावल्यावर कोमट लागले, की घरातील वडीलधारे एकच निदान करतात, ‘दात येऊन राह्यले.’ हे निदान पुष्कळदा बरोबर असते, पण काही वेळा ते साफ चुकते. बरोबर असताना घरात विनाकारण धावपळ होते आणि चुकते तेव्हा जी धावपळ व्हायला हवी ती होत नाही. म्हणून दात, ताप आणि घरच्यांची काळजी या तिन्ही गोष्टी आज एकत्र पाहू.

दात केव्हा व कसे येतात?

पहिला दुधाचा दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. एखाद्या मुलाला तो चौथ्या महिन्यात येतो, तर एखाद्याला वर्ष भरेपर्यंत येत नाही. दोन्ही गोष्टी सामान्य आहेत. बहुधा खालचे मधले दोन दात आधी दिसतात, मग वरचे मधले दोन, नंतर त्यांच्या शेजारचे. तेरा ते एकोणीस महिन्यांच्या दरम्यान पहिल्या दाढा येतात, त्यानंतर सुळे आणि दोन ते पावणेतीन वर्षांच्या सुमारास शेवटच्या दाढा. असे एकूण २० दुधाचे दात असतात. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे मुलाचा कोणता ना कोणता दात येतच असतो. या काळात मूल ज्या ज्या कारणाने आजारी पडेल, त्या प्रत्येक वेळी तोंडात बोट घालून पाहिले तर एखादा दात वर येताना सापडणारच. दाताच्या माथी तापाचे खापर फुटते ते यामुळेच.

दुसरेही कारण आहे. जन्मताना आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती सहाव्या महिन्यापर्यंत बरीच ओसरते. नेमके त्याच सुमारास मूल वरचे अन्न खाऊ लागते, जमिनीवर फिरते, चप्पल, किल्ली, खेळणे सगळे तोंडात घालते. जंतूंशी त्याची खरी गाठ पडते ती याच दिवसांत. दात आणि आजार एका वेळी येतात, पण एकामुळे दुसरा येतो असे नाही.

दाताने ताप येतो का?

या प्रश्नाचा नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १११ बाळांच्या आईवडिलांकडून रोजच्या रोज नोंदी ठेवून घेतल्या. त्या काळात ४७५ दात आले. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दात येण्याच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, अशा आठ दिवसांत लाळ गळणे, चावावेसे वाटणे, हिरड्या चोळणे, किरकिर, कान ओढणे, घट्ट अन्न नको म्हणणे आणि अंगाचे तापमान किंचित वाढणे या गोष्टी जास्त आढळल्या. मात्र १०२ अंशांच्या वरचा ताप, जुलाब, उलटी, खोकला यांचा दाताशी संबंध दिसला नाही. पुढे २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही हेच दिसले, की तापमान थोडे वाढते, पण ज्याला खरा ताप म्हणावा इतके वाढत नाही.

याचा घरगुती अर्थ असा, की अंग कोमट लागले तर दातामुळे असू शकते, पण चटका बसण्याइतके अंग तापले तर कारण दुसरीकडे शोधावे. जुलाब लागले तर ते ‘दाताचे जुलाब’ म्हणून सोडून देऊ नयेत. पहिल्या जुलाबापासूनच ओ.आर.एस. (जलसंजीवनी) सुरू करावे आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे.

इतिहासातील धडा

दाताला दोष देण्याची सवय केवळ आपल्या आज्यांची नाही. १८३९ साली इंग्लंड व वेल्समधील सरकारी नोंदीत ५,०१६ मृत्यूंचे कारण ‘दात येणे’ असे लिहिलेले आहे. तिकडचे नामांकित डॉक्टर मुलांच्या हिरड्यांना चीर देत असत. दात येताना द्यायच्या पुड्यांत पारा असे. त्याने मुलांचे हातपाय गुलाबी पडून सुजत, मुले खंगत आणि कित्येक दगावत. हा आजार पाऱ्यामुळे होतो हे १९४५ च्या सुमारास उमगले. १९५४ साली ब्रिटनमध्ये या पुड्यांतून पारा काढून टाकण्यात आला आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. त्या मुलांचे नुकसान दाताने केले नव्हते, ते दातावरच्या उपायाने केले होते. आपल्या शेजारच्या मेळघाटात आजही पोट फुगले की मुलाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला ‘डंबा’ किंवा ‘डम्मा’ म्हणतात. त्या लोकांना आपण शहरातले नावे ठेवतो. पण घाबरलेल्या माणसाला काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही, ही गोष्ट मेळघाटात, लंडनात आणि अकोल्यात सारखीच आहे.

आजी का घाबरतात?

१९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२९ मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. आज ज्या आजी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या आहेत, त्यांच्या लहानपणी देवी, गोवर, हगवण यांनी घराघरांतून मुले नेली आहेत. कोणाचा पाठचा भाऊ गेला, कोणाची बहीण गेली. त्या वेळी ताप हा नुसता ताप नसे. तेव्हा आजीच्या काळजीला ‘अडाणीपणा’ म्हणणे हा अन्याय आहे. ती काळजी अनुभवातून आलेली आहे, फक्त तिला आजच्या माहितीची जोड मिळालेली नाही.

जठारपेठेतील एखादे घर डोळ्यांपुढे आणा. सून नोकरीवरून सहा वाजता घरी येते. पंधरा महिन्यांचा मुलगा दिवसभर आजीपाशी असतो. दाराशीच आजी सांगतात, ‘पोराचं आंग तापून राह्यलं. सकायपासून काही खाल्लं नाही. चाल, डाक्टरकडे घिऊन जाऊ, एक सुई मारली का उतरते.’ सून दमलेली असते. ती म्हणते, ‘आई, तुम्ही उगीच घाबरता. काही झालेलं नाही त्याला.’ येथे बिघडते. आजींना वाटते, दिवसभर सांभाळायचे आम्ही आणि आमच्या बोलण्याला किंमत नाही. मग अमरावतीला मामांना फोन जातो, शेजारच्या काकू येतात, कोणी जुन्या बाटलीतले औषध सुचवते, कोणी दृष्ट काढायला सांगते. मूल बिचारे मध्येच किरकिरत असते.

तीच सून असे म्हणाली तर? ‘आई, तुमच्या हाताला कोमट लागलं ना, मग आपण मोजूनच पाहू. मी थर्मामीटर आणते, तुम्ही त्याचा हात जरा काखेशी धरून ठेवा.’ ताप ९९.४ निघतो. वरची हिरडी बाजूला सुजलेली दिसते. मूल पाणी पिते, मांजर दिसली की हसते. आता सून सांगू शकते, ‘आई, ९९.४ आहे. दाढ येते आहे. रात्री नऊला पुन्हा मोजू. शंभरच्या वर गेला किंवा त्याने पाणी घेणं सोडलं, तर आपण लगेच दवाखान्यात जाऊ.’ यात आजीचे म्हणणे खोटे ठरले नाही, दवाखान्याचे दार बंद झाले नाही आणि मुलाला विनाकारण सुईही टोचली गेली नाही.

काळजीला काम द्यावे

काळजी करणाऱ्या माणसाला ‘काळजी करू नका’ म्हटल्याने काळजी जात नाही, त्याच्या हाती काम दिल्याने ती कमी होते. याचे मोठे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीला डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील दाया आणि कार्यकर्ते यांना मुलांचा न्युमोनिया ओळखायला शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे साधे साधन तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, मिनिट संपायच्या आत तांबडा मणी सरकवावा लागला तर श्वास जलद. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्या गावांत हे काम झाले तेथे न्युमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या मानाने निम्म्याहून कमी आढळले. ज्या दाईला जग अडाणी म्हणत होते तिनेच मुले वाचवली. मग आपल्या घरातल्या आजींना हे का जमू नये?

आजींना पुढील चार कामे सांगावीत.

१. ताप मोजणे. हाताच्या स्पर्शावर जाऊ नये. डिजिटल थर्मामीटर काखेत मध्यभागी ठेवून हात अंगाशी धरावा, शिटी वाजेपर्यंत काढू नये. काखेत ९९.५ पर्यंत तापमान असल्यास त्याला ताप म्हणू नये. संध्याकाळी ते सकाळपेक्षा थोडे जास्तच असते. घड्याळ पाहून वेळ आणि आकडा कागदावर लिहावा.

२. श्वास मोजणे. मूल शांत किंवा झोपलेले असताना पोटाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाचे मिनिटाला ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास होत असतील, तर ते दाताचे लक्षण नाही. न्युमोनियाची शंका घ्यावी.

३. लघवी मोजणे. सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल तर अंगातले पाणी कमी होत आहे.

४. खेळणे पाहणे. मूल ओळखीच्या माणसाकडे पाहते का, हसते का, हात पुढे करते का? शंभर ताप असून खेळणारे मूल बरे, पण ९९ वर मलूल पडलेल्या मुलाची काळजी करावी.

वऱ्हाडातील उन्हाळा

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी टिनाच्या खोलीत, वरून दुपटे गुंडाळलेले मूल दातावाचूनही तापते. असे असेल तर दुपटे काढावे, सुती झबले घालावे, थंड खोलीत न्यावे, पाणी किंवा दूध पाजावे आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजावे. नुसत्या उकाड्याने तापले असेल तर उतरते. याउलट थोडे अंग तापले म्हणून ‘घाम येऊ द्या’ असे म्हणून गोधडीत गुंडाळणे फार वाईट. कूलरच्या टाकीतले पाणीही आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी कोरडी करावी. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतात आणि डेंग्यूचा पहिला दिवसही कित्येक घरांत ‘दाताचा ताप’ म्हणूनच जातो.

आणखी एक गोष्ट. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान त्रिगुणी लसीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. त्रिगुणीनंतर एक-दोन दिवस ताप येतो. गोवर-रुबेलानंतर साधारण आठवड्याने येऊ शकतो. याच वयात दाढा आणि सुळेही येतात. म्हणून लसीची तारीख आठवून पाहावी.

काय करावे, काय करू नये

हिरड्या दुखत असतील तर हात स्वच्छ धुऊन बोटाने हलकेच चोळाव्यात. स्वच्छ ओले फडके फ्रिजमध्ये गार करून चावायला द्यावे, मात्र बर्फ लावू नये. लाळ वारंवार पुसावी. जेवण नको असेल तर मऊ भात, गार दही, केळ द्यावे. जबरदस्ती करू नये.

खारीक किंवा ज्येष्ठमधाची कांडी चघळायला देण्याची आपल्याकडे चाल आहे. दात आलेले मूल तिचा तुकडा तोडते आणि तो घशात अडकू शकतो, म्हणून देऊ नये. हिरड्यांना टाकणखार मधात कालवून लावण्याची चाल तर बंदच करावी. टाकणखाराने लहान मुलांना झटके आल्याचे दाखले आहेत आणि एक वर्षाच्या आतील मुलाला मध मुळीच देऊ नये. बधिर करणारी मलमे, गळ्यात बांधायच्या माळा, दात येण्याच्या गोड गोळ्या यांचा उपयोग नाही, धोका मात्र आहे. अशा काही गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचे प्रमाण कमीजास्त असल्याचे अमेरिकेच्या औषध खात्याला २०१७ साली आढळले होते.

९९-१०० तापाला औषधाची गरज नसते. मूल फार अस्वस्थ असेल, दुखण्याने झोपत नसेल, तरच पॅरासिटामॉल द्यावे. ते वजनावर ठरते, दर किलोला एका वेळी १५ मिलिग्रॅमपर्यंत. दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचे अंतर असावे आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस देऊ नयेत. येथे एक मोठा घोटाळा होतो. बाजारात थेंबाच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ आणि जोरकस सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये २५०. दहा किलोच्या मुलाला साधे सिरप ६ मिलिलिटर लागते. तेच ‘सहा’ लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतले ६ मिलिलिटर दिले तर चौपट औषध पोटात जाते आणि यकृताला इजा होऊ शकते. म्हणून आपल्या मुलाची मात्रा डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्यावी आणि आजींना वाचून दाखवावी. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून भारतात बंदी आहे. खोकल्याची उरलेली बाटली तर कधीच नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत आपल्याला लागूनच असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक बालके दगावली, हे विसरता येणार नाही.

केव्हा थांबू नये?

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर दाताचा विचार सोडून द्यावा आणि रात्र असली तरी दवाखान्यात न्यावे.

– मूल तीन महिन्यांच्या आतले असून काखेत ९९.५ च्या वर तापमान.
– कोणत्याही वयात १०४ च्या वर ताप.
– श्वास जलद किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणे.
– पाणी, दूध काहीच न घेणे किंवा घेतलेले सारे उलटून टाकणे.
– गुंगी, जागे न होणे, सारखे किंचाळून रडणे, मान ताठ होणे.
– अंगावर दाबल्यावरही न जाणारे लाल-जांभळे ठिपके.
– झटका येणे.

दोन वर्षांखालील मुलाचा ताप एक दिवसाच्या वर राहिला, तर तो साधा वाटला तरी दाखवावे.

झटका आला तर मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, त्यात वेळ जातो. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात रात्रंदिवस मुलांना पाहण्याची सोय आहे.

घरातला करार

ही यादी कागदावर उतरवून स्वयंपाकघरात थर्मामीटरजवळ लावावी. घरातील सर्वांनी, आजीआजोबांसह, एकदा बसून ती वाचावी आणि ठरवावे, की यातले एकही लक्षण दिसले तर सुनेने ‘थांबा’ म्हणायचे नाही आणि एकही दिसत नसेल तर आजींनी ‘चला’ म्हणायचे नाही. गावाहून फोन करणाऱ्या मामा-काकांनाही आकडाच सांगावा. ‘ताप आहे’ म्हटले की दहा सल्ले येतात, ‘९९.४ आहे, खेळतो आहे, लघवी झाली’ म्हटले की फोन लवकर संपतो.

आणि आजींना आतून काही वेगळे वाटत असेल, ‘मोजून बरा आहे, पण पोरगा नेहमीसारखा नाही’ असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत असतील, तर आकडा बाजूला ठेवून मुलाला दाखवून आणावे. दिवसभर जे मूल त्यांच्या मांडीवर असते, त्याच्यातला फरक त्यांना थर्मामीटरच्या आधी कळू शकतो.